बॉयलरचा नियम

कारखान्याच्या सर्व्हरवरचा डिस्कचा लाल दिवा लुकलुकत नव्हता, सलग पेटून राहिला होता. युनिक्सवर चालणाऱ्या या सर्व्हरची मेमरी भरली की सगळा भार डिस्कवर येतो आणि वजनकाट्याची एकेक पावती रखडते. नवी, चौपट मेमरी दिवाळीपासून माझ्या टेबलावर चंदेरी पिशवीत पडून होती. ती बसवायला सर्व्हर बंद करावा लागणार होता. पण साखर कारखान्याचा बॉयलर एकदा पेटवला की हंगाम संपेपर्यंत विझवत नाहीत. नारळ फोडून सुरू केलेल्या सर्व्हरलाही कारखान्याच्या साहेबांनी तोच नियम लावला आणि मी पिशवी तशीच बंद ठेवली. बाहेर काट्यापुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग होती. चकलांब्याची छबुबाई खिडकीशी आली. “मॅडम, तुमचं यंत्र निजलंय का? माझा बैल जुंपलेलाच खाली बसला, उठंना.” साहेब मागूनच म्हणाले, “हंगामात बंद न्हाई.” मी पिशवी उघडली. “साहेब, हा बॉयलर नाही. मी बंद करतेय.”