बोरेजचा उपयोग

परसात वाफा एकच. सासऱ्यांना त्यात फक्त मटार हवा होता. सुनेने मटाराभोवती कडेकडेने बोरेज नावाचं विलायती फुलझाड लावलं.

“ही खरखरीत पानं नि निळी फुलं काय चाटायची आहेत?” सासरे रोज कुरकुरायचे. “मटार निदान पातेल्यात तरी पडतो!”

“गेल्या वर्षी कुठे पडला, बाबा? शेंगा भरल्या की दुसऱ्या दिवशी वेली रिकाम्या.”

“पाखरं खातात, त्याला मी काय करू?”

सून गालातल्या गालात हसली.

बोरेज फुललं आणि त्यावर दिवसभर मधमाश्या घोंगावू लागल्या. मटारापर्यंत पोचायचं तर त्यातूनच हात घालावा लागे. शेंगा टपोऱ्या भरल्या आणि चक्क चार दिवस वेलींवर टिकल्या.

पाचव्या दिवशी सकाळी सासरे चहाला आले ते उजवा हात खिशात घालूनच. डाव्या हाताने कप उचलताना निम्मा चहा बशीत सांडला.

सुनेने मलमाची डबी हळूच त्यांच्यापुढे सरकवली.

“बाबा, ते पाखरू दिसलं तर त्याच्या बोटाला एवढं लावा हं.”