मागच्या चाकाची हवा

बसस्थानकाबाहेरच्या वळणावर मोटरसायकलचं मागचं चाक डगमगलं आणि शिंप्यानं दोन्ही पाय टेकवून गाडी थांबवली. मागे बायको बसली होती. तीन महिने बहिणीकडे हवापालट करून ती आजच परतली होती.

"पंक्चर," तो म्हणाला. "हळूच उतर. माझ्या खांद्याला धर."

"येतं मला उतरता," असं म्हणेपर्यंत ती उतरलीसुद्धा.

रस्त्यापलीकडे हवा भरायची टपरी होती. शिंप्यानं गाडी तिथे ढकलत नेली. हवावाला ही गाडी ओळखून होता. गेलं वर्षभर बायकोला दवाखान्यात नेताना शिंपी इथे थांबायचा आणि मागच्या चाकातली हवा कमी करून घ्यायचा. गाडीवर किती हवा भरायला सांगितलंय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. खड्डा आला की तिची हाडं ठणकायची. ती ओठ आवळून घ्यायची, ते त्याला आरशात दिसायचं. चाक मऊ असलं की दणका निम्मा व्हायचा. "मास्तर, टायरची वाट लागेल," असं दर वेळी कुरकुरत हवावाला सूं करून हवा सोडायचा.

आत्ता त्यानं चाक फिरवून पाहिलं, टायरवरून हात फिरवला, व्हॉल्व्हला थुंकी लावली. बुडबुडा आला नाही. मग त्यानं मीटर लावला.

"पंक्चर नाही. तेवीस आहे. तुम्ही ठेवायला लावली होती तेवढीच."

"मग गाडी डगमगली कशी?"

हवावाल्यानं आधी शिंप्याकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे. "काकू, राग मानू नका. तुमचं वजन वाढलंय."

"बाईमाणसाला असं तोंडावर म्हणतात का रे?" ती म्हणाली, पण ओठांचा कोपरा तिच्या ताब्यात राहिला नाही.

शिंपी बघतच राहिला. नुसत्या नजरेनं गिऱ्हाइकाचं माप सांगणारा माणूस. पण बसमधून उतरलेल्या बायकोकडे त्यानं धड पाहिलंच नव्हतं. गाल भरल्यासारखे वाटले होते. प्रवासात चेहरा सुजतो कधीकधी, असं म्हणून त्यानं मनाला तिथेच गप्प केलं होतं. आजारपणात आधी दोनदा तो असाच हरखला होता आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडला होता.

"दोन माणसांना पस्तीस भरतात," हवावाला म्हणाला. "मागचं माणूस अगदीच हलकं असेल तर थोडी कमी चालेल. काकूंचं वजन किती?"

"अडतीस," शिंपी चटकन म्हणाला. दवाखान्यातला शेवटचा आकडा त्याच्या डोक्यात खिळ्यासारखा रुतला होता.

"अडतीस? कुठल्या जमान्यात आहात?" बायको म्हणाली आणि तरातरा शेजारच्या भंगारवाल्याकडे गेली. तिथे मोठा काटा होता. भंगारवाल्यानं त्यावरचं डब्यांचं पोतं खाली ओढलं आणि ती वर चढून ताठ उभी राहिली.

"एकोणपन्नास," भंगारवाला म्हणाला.

"नीट बघा." शिंपी स्वतःच वाकला. काटा एकोणपन्नासवर स्थिर होता. "चपलांचं किती धरायचं?"

"चपला काय लोखंडाच्या आहेत का, मास्तर?"

हवावाला खो खो हसला. बायको काट्यावरून उतरायला तयार नव्हती. कमरेवर हात ठेवून तिनं वरूनच ऐकवलं, "आणि हा कुडता काखेत काचतोय. सकाळपासून हात वर करता आलेला नाही मला. सगळे कपडे आत घेऊन ठेवलेत तुम्ही."

"माया ठेवलीय आत," शिंपी म्हणाला. "एकही कापलेला नाही. नुसती टीप मारलीय. आजच उसवतो सगळे."

शिंपी उगाचच गाडीचा आरसा पुसू लागला, तेव्हा ती खाली उतरली आणि हवावाल्याला म्हणाली, "भर रे बाबा पस्तीस."

"तीस भर," आरशाकडे बघतच शिंपी म्हणाला. "पुढे खड्डे आहेत."

"पस्तीस."

"बत्तीस?"

"भाजी घेताय का, मास्तर?" हवावाला म्हणाला. "चाक मऊ ठेवून हे वजन नेलंत तर पुढच्या वळणावर दोघंही आडवी व्हाल."

शिंप्यानं बायकोकडे पाहिलं. आता नीट पाहिलं. गळा, खांदे, मनगट.

"पस्तीस," तो म्हणाला.

नळी लागली. बसलेलं चाक फुगत फुगत गोल झालं आणि गाडी मागून वर उचलली गेली.

आता गाडी सरळ रेषेत धावत होती. वळणावर हलली नाही. शिंपी तिच्या डौलात इतका रमला की शाळेसमोरचा गतिरोधक त्याला ऐन वेळी दिसला. दाणकन आवाज झाला. बायको सीटवरून वर उडाली आणि धप्पकन खाली आली.

त्यानं गाडी कडेला घेऊन करकचून ब्रेक लावला आणि मागे वळला. "लागलं? अगं, बोल ना. कुठे लागलं?"

तिचे नुकते कानापर्यंत आलेले केस वाऱ्यानं उभे राहिले होते. डोळ्यांत पाणी होतं. हसण्यामुळे तिला बोलता येत नव्हतं.

"वळवा," तिनं कसंबसं म्हटलं.

"कुठे? दवाखान्यात?"

"नाही हो! परत एकदा न्या ना त्याच्यावरून."