नको असलेले दिवे

नवा ट्रक घ्यायला गेलो, तर शोरूमवाल्याने न विचारताच केबिनच्या टपावर रंगीत दिवे, दारांवर चकाकत्या पट्ट्या आणि पुढे गाणारा भोंगा बसवून ठेवलेला. मला माल वाहायचा होता, वरात नव्हती काढायची!

घसा बसेपर्यंत हुज्जत घातली, तेव्हा कुठे मिस्त्रीने सगळं उतरवलं. नव्याकोऱ्या पत्र्यावर नुसती भोकं उरली.

"ही बुजवून द्या."

"त्याचे वेगळे पडतील," शोरूमवाला म्हणाला.

भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. बायको हळूच म्हणाली, "अहो, होतं तसं बसवू द्या. भोकं तरी झाकली जातील."

मिस्त्रीला हाक मारायला वळलो. तो मागेच उभा होता. पाना त्याने हातातून खाली ठेवलाच नव्हता.