गुपिताचा अध्याय

रोज सकाळी पोथीचा एक अध्याय म्हणायचं माझं व्रत. ऐकायला मोहल्ल्यातल्या बाया येत. धाकटे दीर लटारूभाऊजी हसून म्हणत, "वैनीले अक्षर येत नाई. सारं पाठ हाय, पानं उगीच उलटवते." मी पुढचं पान उलटवायची.

छप्पन साली माझे मालक वारले. तेरवी होताच भाऊजींनी एक कागद आणून दिला. "उद्या अंगठा लावजा, वैनी. घरातलं गुपित हाय, कोणाले सांगू नका."

सकाळी ते शाई घेऊन आले, तेव्हा बाया जमल्याच होत्या. पोथी मिटून मी तो कागद चौरंगावर ठेवला.



"'तलावाखालची माझी धानाची बांधी राजीखुशीनं दीर लटारू यांस लिहून देते...' बसा ना, भाऊजी. गुपित हाय, म्हणून सावकाश वाचून राह्यली."