वजीरची बारी

"आबा, निकाल लागला!" तालुक्याला वकिली करणारी लेक फोनवर ओरडत होती. "बैलगाडा शर्यतीचा कायदा करायचा राज्याला अधिकार आहे, दिल्लीच्या कोर्टानं मान्य केलं. बंदी उठली!"

आबा गोठ्यात बसलेल्या वजीर बैलाजवळ आले. वजीर खोंड होता तेव्हा केंद्राची बंदी आली. मग राज्यानं कायदा केला, त्याला कोर्टानं स्थगिती दिली आणि हा विषय केंद्राचा की राज्याचा, यावर वर्षानुवर्षं नुसत्या तारखा पडत राहिल्या. शर्यतीच्या बैलाला नांगर दाखवत नाहीत, म्हणून आबांनी त्याला कधी औताला जुंपलं नाही. रोज संध्याकाळी मात्र त्याच्यापुढे हलगी वाजवायचे. उद्या शर्यतीच्या घाटात आवाजाला बुजायला नको. बायको म्हणायची, "विकून टाका." आबा म्हणायचे, "एक बारी पळू दे, मग बघू."

आता वेशीकडून गावाची हलगी वाजत आली. पोरांनी गोठ्यात शिरून वजीरच्या पाठीवर गुलाल उधळला.

"अरे, गुलाल जिंकल्यावर लावतात," आबा म्हणाले. पण ऐकतंय कोण?

हलगी ऐकून म्हाताऱ्या वजीरनं कान टवकारले. जोर करून मागचे पाय उचलले. पुढचे गुडघे काही जमिनीवरून सुटेनात. त्यानं पुन्हा जोर केला, पुन्हा तसाच टेकला.

आबांनी त्याच्या मानेखाली खांदा दिला.

"ऊठ रं राजा," ते म्हणाले, "आता कुणी अडवत नाही."