हवेपुरतं भोक

कालपासून मुलगी खोलीला आतून कडी लावून बसली होती. आत पावलं वाजत होती, पण हाकेला ओ नाही. शेवटी आईनं हातोडा उचलला.

वडील मासे पाळायच्या तळ्यावर कामाला. त्यांनी तिचा हात धरला. "अगं, तळं गोठलं तरी आम्ही बर्फावर घाव घालत नाही. हादऱ्यानंच खालचे मासे मरतात. वर गरम भांडं ठेवायचं आणि हवेपुरतं भोक पडेपर्यंत थांबायचं."

"आणि तोवर गुदमरले तर?"

त्यांनी तिच्या हातातला हातोडा हळूच काढून घेतला.

आईनं उंबऱ्याशी दुधाचा कप ठेवला. दूध निवलं, तिनं पुन्हा तापवून आणलं. तेही निवलं. तिसऱ्या खेपेला कडी वाजली. दार कप आत जाईल एवढंच उघडलं.

कालपासून पहिल्यांदाच आईनं छाती भरून श्वास घेतला.