पाचच्या आत
“पाचच्या आत हे सुडोकू सुटलं तर बाळाला मी सांभाळेन, तू खुशाल कामावर जा. नाहीतर बाळंतपणात डोकं गेलं म्हणायचं,” नवरा म्हणाला होता. मांडीवर बाळ घेऊन ती दुपारभर घरांच्या कोपऱ्यांत बारीक आकडे लिहीत, खोडत राहिली. शेवटी चारच घरं उरली, आयताच्या चार कोपऱ्यांसारखी. प्रत्येकात सहा किंवा आठ. अदलाबदल केली तरी चालत होतं. ती थबकली. खऱ्या सुडोकूला दोन उत्तरं नसतात. म्हणजे छापलेला एक आकडा गायब होता. त्यातल्या एका घरात पेन्सिल मघापासून घसरत होती. तिने तिथे नखाने खरवडलं. व्हाइटनर निघालं, खाली छापील आठ. उरलेली घरं भरून तिने कागद पुढे केला. “सापडलं? डोकं शाबूत आहे की गं तुझं!” बाळाचा पापा घेत तो हसला. “पण सव्वापाच झाले.”